गुलाबी कूलंटमध्ये हिरवं ओतलं गेलंय, टाकीत गेरूसारखा चिखल : पूर्ण फ्लश कसा करावा?

उत्तररात्र · शुक्रवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवसांपूर्वी वापरलेली गाडी घेतली. पेट्रोल, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, वय नऊ वर्षं. चालवायला छान आहे, काही खडखड नाही. काल सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडून एकेक तपासत होतो. कूलंटची टाकी बाहेरून इतकी पिवळी पडलीय की पातळी दिसेना, म्हणून झाकण काढून आत टॉर्च मारला. कडेकडेने तपकिरी थर बसलेला. पांढऱ्या कापडाची चिंधी काडीला गुंडाळून आत फिरवली, तर ओल्या गेरूच्या रंगाची होऊन बाहेर आली. चिमटीत घासून पाहिलं : बुळबुळीत, आणि मध्येच बारीक वाळूसारखी कचकच. रेडिएटरच्या झाकणाच्या रबराखालीही तेच.

आधीच्या मालकांना फोन केला. त्यांनी काही न लपवता सांगितलं. मूळचं कूलंट गुलाबी होतं. दीड वर्षापूर्वी पातळी कमी झाली तेव्हा एका गॅरेजमध्ये त्यावरच हिरवं ओतलं, आणि पुढे दोनदा त्यांनी स्वतः नळाचं पाणी घातलं.

त्रास दोन आहेत. गर्दीत गाडी उभी राहिली की तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपेक्षा थोडा वर सरकतो आणि पंखा बराच वेळ चालतो. दुसरं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला तरी हवा कोमटच येते.

गाडीच्या पुस्तकात लिहिलंय : एकूण कूलंट ६.२ लिटर. प्रकार : इथिलीन ग्लायकॉलवर आधारित, सेंद्रिय आम्लांचं, फॉस्फेट असलेलं. सिलिकेट, बोरेट, नायट्राइट, अमाइन नसलेलं.

रेडिएटर एकदा रिकामा करून नवीन भरलं की भागेल का? फ्लशचं केमिकल वापरावं का? धुवायला नळाचं पाणी चालेल का? काम स्वतः करायची तयारी आहे, घाई नाही.

धूळवाट · शुक्रवार, रात्री १०:५२

एवढं काळजीचं काही नाही. हल्ली सगळ्या गाड्यांना चालणारं कूलंट मिळतं. रेडिएटरच्या खालचा नळ सोडा, रिकामं करा, ते भरा. अर्ध्या तासाचं काम. मी तीन गाड्यांना असंच केलंय, एकही तापली नाही.

पाना_बारा · शुक्रवार, रात्री ११:३०

उत्तररात्र, काहीही रिकामं करण्याआधी एक गोष्ट पक्की करा : त्या चिखलात तेल आहे की नाही. कूलंटची मिसळ आणि इंजिन ऑइल शिरलेलं कूलंट, दोन्ही तपकिरी दिसतात. पण पहिल्याला फ्लश पुरतो. दुसऱ्याला हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक, यांच्यामधलं सील) नाहीतर ऑइल कूलर बघावा लागतो, आणि ते न बघता फ्लश केलात तर आठ दिवसांत पुन्हा तेच. ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर ऑइल गार करायची नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतून फुटली की फिकट गुलाबी दुधाळ माल होतो. तुमची मॅन्युअल आहे, म्हणजे ती शंका नाही.

साध्या वर्तमानपत्राच्या कागदावर त्या चिखलाचे चार थेंब टाका आणि रात्रभर वाळू द्या. तेल असेल तर डागाभोवती पारदर्शक तेलकट कडं उरतं, कागद उजेडाकडे धरला की आरपार उजळ दिसतं. ऑइलची डिपस्टिक आणि ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजूही बघा, दुधाळ लेप आहे का. रेडिएटरचे होज दाबून बघा. तेल लागलेलं रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं.

आणि झाकण उघडायचं ते इंजिन गार असतानाच. आत साधारण १ बारचा दाब असतो. त्या दाबामुळेच द्रव १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाचा हात भाजलेला मी बघितलाय. "गार असेल" असं मनाशी धरू नका, वरच्या होजला हात लावून खात्री करा.

उत्तररात्र · शनिवार, सकाळी ९:०५

कागद वाळला. डाग तपकिरी, खरखरीत. तेलकट कडं अजिबात नाही. डिपस्टिक स्वच्छ, झाकण स्वच्छ, होज कडक आहेत. म्हणजे मिसळच.

द्रावण · शनिवार, सकाळी ११:२०

गंजरोधक द्रव्यांच्या तपासणीचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कूलंट म्हणजे पाणी, ग्लायकॉल आणि थोडीशी गंजरोधकं. ग्लायकॉल जवळजवळ सगळीकडे सारखंच असतं. भांडण असतं ते त्या थोड्याशा भागाचं.

जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये, ज्याला आयएटी म्हणतात, सिलिकेट, बोरेट, नायट्राइट अशी अजैविक क्षारं असतात. ती आतल्या सगळ्या धातूवर पटकन एक पातळ लेप चढवतात. संरक्षण लगेच मिळतं, पण ती झिजतातही लवकर, म्हणून असं कूलंट साधारण २ वर्षांनी बदलतात. ओएटी प्रकारात सेंद्रिय आम्लांची क्षारं असतात. ती सगळीकडे लेप देत बसत नाहीत, जिथे गंज सुरू होतो तिथेच धातूला चिकटतात. म्हणून हळू संपतात आणि ५ वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतात. जनरल मोटर्सचं नारिंगी डेक्सकूल १९९० च्या दशकाच्या मध्यावर आलं तेव्हापासून हा प्रकार घरोघरी माहीत झाला. मग दोहोंची सांगड घातलेले संकरित प्रकार आले. युरोपातल्या कंपन्यांनी सेंद्रिय आम्लांसोबत थोडं सिलिकेट ठेवलं आणि फॉस्फेट टाळलं, कारण जड पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर फॉस्फेटची पुटं बसतात. जपानी कंपन्यांनी उलट केलं : फॉस्फेट ठेवलं, सिलिकेट टाळलं, कारण वॉटर पंपाच्या सीलवर सिलिकेटची घासण नको होती. उत्तररात्र, तुमच्या पुस्तकातली ओळ याच दुसऱ्या घराण्याची आहे.

आता तुमच्या टाकीत काय झालं असावं ते बघू. सिलिकेट द्रावणात विरघळून राहतं ते अल्कधर्मी वातावरणात. ते ज्या कूलंटसाठी नाही अशा कमी पीएचच्या कूलंटमध्ये पडलं की त्याचा जेल होऊ शकतो. तुमची बुळबुळ बहुधा तीच. त्यात नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम आलं आणि गुलाबी कूलंटमधल्या फॉस्फेटला भेटलं, त्याची पुटं झाली, तीच कचकच. आणि दोन्ही प्रकारची गंजरोधकं अर्धवट उरल्यामुळे लोखंडाचा गंज सुटला, गेरूचा रंग त्याचा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दोन प्रकार मिसळले की दर वेळी चिखल होतोच असं नाही. काचेच्या बाटलीत दोन कूलंट एकत्र करून ठेवा, पुष्कळदा महिनाभर काही होत नाही. म्हणून लोक म्हणतात, बघा, काही झालं नाही. पण खरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही गंजरोधकं पातळ होतात, एकाचीही मात्रा पुरेशी उरत नाही, आणि पाच वर्षांचं कूलंट दोन वर्षांच्या लायकीचं होतं. ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं तेव्हा आवाज होत नाही. धूळवाट, तुमच्या तीन गाड्या तापल्या नाहीत यावर माझा विश्वास आहे. गंजाचं काय झालं ते तापमानाचा काटा सांगत नाही, एवढंच.

गोगलगाय · शनिवार, दुपारी १२:०२

माझ्या गाडीत निळं आहे. निळ्यात निळं घातलं तर चालेल ना?

द्रावण · शनिवार, दुपारी १२:१८

नाही, रंगावर अजिबात जाऊ नका. रंग म्हणजे फक्त डाय. तो कुठल्या प्रकाराला कुठला द्यायचा याचा जगभर पाळला जाणारा नियम नाही. निळं कूलंट फॉस्फेटवालं असू शकतं आणि सिलिकेटवालंही. फोक्सवॅगनची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. त्यांचं जुनं जी११ नावाचं कूलंट निळं-हिरवं आणि पहिलं जी१२ तांबडं. ही दोन एकत्र आली की तपकिरी गाळ व्हायचा. मग जी१२ प्लस आणलं, ते मिसळलं तरी चालणारं. कॅनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात प्रकार आणि मानकाचा क्रमांक असतो. तो तुमच्या गाडीच्या पुस्तकाशी जुळवा. नुसतं एएसटीएम डी३३०६ लिहिलेलं असेल तर त्यावरून गंजरोधक कुठल्या घराण्यातलं हे कळत नाही, कारण त्या मानकात सगळी घराणी बसतात.

पाना_बारा · शनिवार, दुपारी ४:४५

आता कामाचं. उत्तररात्र, हे नीट वाचा, कारण चूक नेमकी इथे होते.

रेडिएटरचा खालचा नळ सोडला की फक्त रेडिएटर रिकामा होतो. ब्लॉकमधलं, हीटर कोरमधलं (हीटरची हवा गरम करणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) आणि होजमधलं तसंच राहतं. बहुतेक गाड्यांत अर्ध्याच्या आसपास बाहेर येतं. तुमची सिस्टीम ६.२ लिटरची, म्हणजे ३ लिटरच्या आगेमागे निघेल. नवीन भरलंत की आत निम्मं जुनंच. दुसऱ्यांदा केलंत की पाव उरतं, तिसऱ्यांदा साडेबारा टक्के, चौथ्यांदा सहा, पाचव्यांदा तीन. पाणी एकदा स्वच्छ दिसलं म्हणून थांबायचं नाही, फेऱ्या मोजायच्या.

एका फेरीचा क्रम असा. इंजिन गार, नळ सोडा, निघालेलं मापाच्या कॅनमध्ये धरा आणि आकडा लिहून ठेवा. नळ बंद करून डिस्टिल्ड पाणी भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही, नुसतं ब्लॉकमध्ये गोल गोल फिरतं. तो साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. वरचा होज हाताला एकदम गरम लागला की समजा उघडला. त्यानंतर दहा मिनिटं चालू द्या, बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर हेड वाकतं, तडा जातो. म्हणून मी दिवसाला एकच फेरी करतो.

थर्मोस्टॅट काढूनही फेऱ्या करता येतात, मग गार असतानाच पाणी सगळीकडे फिरतं. तुमचा काटा वर जातोय, तेव्हा तो बाहेर काढून बघाच.

नळाच्या पाण्याबद्दल : टाकी बाहेर काढून धुवायला, हीटर कोरची घाण ढकलायला नळाचं चालेल. पण सिस्टीमच्या फेऱ्या डिस्टिल्डनेच, कारण प्रत्येक फेरीत निम्मं पाणी आत राहतं. त्यातले क्षार आणि क्लोराइड नवीन कूलंटला मिळणार. क्लोराइड ॲल्युमिनियमला टाचणीएवढी भोकं पाडतं.

केमिकल मी आधी वापरणार नाही. नऊ वर्षांची पुटं एकदम सुटली तर सगळा माल हीटर कोरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. आधी साध्या पाण्याने किती निघतं ते बघू. पाच फेऱ्यांनंतरही गंज येत राहिला तरच, तेही ॲल्युमिनियमला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं, आणि कॅनवर दिली आहेत तेवढीच मिनिटं.

निळी_सावली · शनिवार, संध्याकाळी ६:१०

एक विनंती आहे. काढलेलं कूलंट उघड्या ट्रेमध्ये एक मिनिटही ठेवू नका.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. आमच्या शेजारच्या कुत्र्याने अंगणात ठेवलेल्या ट्रेमधून ते चाटलं. तासाभरात तो झोकांड्या खाऊ लागला, मग संध्याकाळी जरा बरा वाटला, सगळ्यांना वाटलं निभावलं. तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं बंद पडली. डॉक्टरांनी नंतर समजावलं की यकृतात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि कॅल्शियमबरोबर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात जाऊन बसतात. मधला तो बरा वाटण्याचा काळच फसवतो. फोमेपिझोल नावाचं औषध आहे, पण ते पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतं. लहान मुलांनाही हाच धोका. एखादं जनावर नुसतं त्याच्याजवळ घुटमळताना दिसलं तरी वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

काम करताना मुलांना, जनावरांना आत ठेवा. सांडलेलं ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये, वर ठळक "विष" लिहून ठेवा. गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. वापरलेलं ऑइल आणि रसायनं जिथे गोळा करतात तिथे द्या.

उत्तररात्र · शनिवार, संध्याकाळी ६:४०

निळी_सावली, वाचून वाईट वाटलं. काम दार बंद करून करीन, ट्रे उघडा ठेवणार नाही. पाना_बारा, द्रावण, मनापासून आभार. उद्यापासून सुरुवात.

उत्तररात्र · पुढचा शनिवार, दुपारी ३:३०

झालं एकदाचं. जसं घडलं तसं लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी ३.१ लिटर निघालं, बरोबर निम्मं. प्रत्येक फेरीतलं थोडं काचेच्या बाटलीत धरून घट्ट बूच लावलं आणि बाटल्या बंद कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. रोज संध्याकाळी काढून खिडकीसमोर धरायचो. पहिल्या बाटलीतून खिडकीची जाळी दिसतच नव्हती. दुसरीत उजेड कळत होता. चौथीत जाळी दिसली, पाचवीत जाळीच्या तारा मोजता आल्या. तिसरी मात्र फसवी निघाली. काढली तेव्हा बरी वाटली, पण सकाळी तळाशी नखाएवढा जाड तपकिरी थर बसलेला. त्यामुळे ताज्या रंगावरून मत बनवायचं नाही हे समजलं.

टाकी काढून भांड्याच्या साबणाने आणि लांब ब्रशने धुतली, फेस जाईपर्यंत दहा वेळा विसळली. आता पातळीच्या दोन्ही रेषा बाहेरून दिसतात.

दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट काढला. भांड्यात पाणी तापवत ठेवून त्यात दोऱ्याने टांगला आणि शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ लिहिलंय. ८२ ला ढिम्म, ९१ ला जरासा हलला आणि पुढे अर्धाच उघडला. स्प्रिंगच्या खोबणीत तोच गेरू वाळून दगड झालेला. नवीन घेतला, रबरी रिंगसकट. जुना आणि नवा एकाच भांड्यात टांगून पाहिले, नवा ८२-८३ ला हलू लागला.

हीटर कोरवर सगळ्यात जास्त वेळ गेला. डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्यातून येणारे दोन्ही होज काढायचे होते. पहिला नऊ वर्षांत चिकटून बसलेला. ओढला असता तर आतली ॲल्युमिनियमची नळी वाकली असती, म्हणून होज उभा चिरून काढला आणि नवा घातला. होजवर आत-बाहेर अशा खुणा आधीच चिकटपट्टीने केल्या होत्या. मग बादली उंचावर ठेवून, नुसत्या उताराच्या जोराने, उलट्या बाजूने पाणी सोडलं. नळाचा दाब मुद्दाम दिला नाही. सुरुवातीला १ लिटरचा डबा भरायला ५० सेकंद. चारेक डबे तसेच गेले, मग एकदम एक गोळा भळकन बाहेर पडला, बोटाच्या पेरापेक्षा मोठा, मऊ, मेणासारखा. त्यानंतर डबा १९ सेकंदांत भरायला लागला. नळाच्या पाण्यानंतर दोन लिटर डिस्टिल्ड त्यातून सोडलं.

शेवटच्या वेळी हीटरचे होज आणि थर्मोस्टॅटची जागा उघडी असल्यामुळे ३.८ लिटर पाणी निघालं. पुस्तकातल्या प्रकाराचंच कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणलं होतं. ६.२ चं निम्मं, म्हणजे ३.१ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतलं, मग वरून डिस्टिल्ड.

आता अडचण. ते डिस्टिल्ड ३०० मिलीच आत गेलं आणि पातळी काठाला आली. हिशेबाने ७०० जायला हवं होतं. इंजिन चालू केलं तर डॅशबोर्डच्या मागे खळखळ आवाज, आणि हीटर दोन मिनिटं गरम, मग थंड, मग पुन्हा गरम.

पाना_बारा · पुढचा शनिवार, दुपारी ४:०५

हवा अडकलीय, ४०० मिली. तुमचा हिशेबच सांगतोय. गाडी आत्ता चालवू नका. हवेचा फुगा हेडमध्ये सरकला तर तेवढ्या भागाला द्रव लागत नाही, आणि सेन्सर हवेत असेल तर काटाही खोटं दाखवतो.

पूर्ण गार होऊ द्या. गाडीची पुढची चाकं चढावर घ्या किंवा पुढून जॅकस्टँडवर उचला, रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आलं पाहिजे. मागच्या चाकांमागे ठोकळे लावा. थर्मोस्टॅटच्या आसपास हवा सोडायचा छोटा स्क्रू आहे का बघा, असल्यास ढिला करा आणि नुसतं द्रव यायला लागलं की बंद करा. थर्मोस्टॅटवर बारीक हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला बसवली आहे ना? खाली राहिली तर हवा निघायला वाट मिळत नाही.

मग रेडिएटरच्या तोंडाला फनेल घट्ट बसवा, त्यात थोडं डिस्टिल्ड ठेवा, हीटर गरमवर आणि इंजिन चालू. बुडबुडे येत राहतील. मधून मधून २००० ते २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरा. जाड हातमोजा घालून वरचा होज दाबा-सोडा, पंख्यापासून हात आणि बाही लांब. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. बंद करून गार झाल्यावर पातळी बघा.

उत्तररात्र · पुढचा शनिवार, रात्री ९:२०

पिन बाजूला बसली होती, वर नव्हती. उघडून नीट बसवली. फनेलमध्ये वीस मिनिटं बुडबुडे येत होते. एकदा इतका मोठा आला की फनेलमधलं सगळं पाणी एका घोटात आत गेलं. एकूण ४०० मिली आणखी मावलं.

आता हीटरमधून इतकी गरम हवा येते की हात समोर धरवत नाही. काटा हलत नाही. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून गोठण्याचं तापमान दाखवणारं उपकरण) आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून घेतला, मग एक थेंब बघितला : उणे ३६ अंश.

द्रावण · पुढचा शनिवार, रात्री ९:५०

उत्तम. इथिलीन ग्लायकॉलचं ५०-५० मिश्रण उणे ३७ च्या आसपास गोठतं, म्हणजे तुम्ही नेमके निम्म्यावर आहात. थंडी नसलेल्या ठिकाणीही हेच प्रमाण ठेवा, कारण गंजरोधकं त्या कॉन्सन्ट्रेटमधूनच येतात आणि उकळण्याचं तापमानही त्यानेच वर जातं.

रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकॉल किती ते सांगतो, गंजरोधक किती शिल्लक आहे ते नाही. तुमच्या आत जुन्याचा दीड-दोन टक्के अंश आणि थोडी पुटं अजून असणार. म्हणून कॅनवर ५ वर्षं लिहिली असली तरी यावेळी मी २ वर्षांनी बदलेन, आणि मध्ये एकदा पीएच बघेन.

गोगलगाय · पुढचा रविवार, सकाळी ८:३०

माझ्या गाडीचं कूलंट फक्त तयार मिश्रणच मिळतं, कॉन्सन्ट्रेट नाहीच. पाण्याने फ्लश केल्यावर ते तसंच भरायचं का?

द्रावण · पुढचा रविवार, सकाळी ९:१०

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बरेच लोक इथे अडकतात आणि त्यांना कळतही नाही.

ब्लॉकमध्ये निम्मं पाणी राहिलेलं असताना तुम्ही ५०-५० चं तयार मिश्रण भरलंत तर आत २५ टक्केच होतं. ते उणे १२ च्या आसपास गोठेल, आणि गंजरोधकही हवं त्याच्या निम्मंच. मग शेवटच्या फेऱ्या तयार मिश्रणानेच करायच्या. पहिल्या फेरीनंतर २५ टक्के, दुसरीनंतर साडेसदतीस, तिसरीनंतर जवळपास ४४. तिसरीला थांबलात तरी चालेल. दुसरा मार्ग म्हणजे ब्लॉकला खाली वेगळा ड्रेन प्लग असेल तर तो उघडून पाणी जवळजवळ सगळं काढायचं आणि मग भरायचं. त्यात कूलंट कमी लागतं, पण जुना प्लग मोडला तर दुखणं वाढतं, म्हणून हात सैल ठेवून बघा.

उलटी चूकही सांगून ठेवते. सिस्टीम कोरडी आहे म्हणून सगळं कॉन्सन्ट्रेटच भरायचं नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, आणि पाण्यापेक्षा उष्णता पुष्कळ कमी वाहून नेतं.

धूळवाट · पुढचा रविवार, सकाळी १०:००

आणि वाटेत पातळी कमी झाली, योग्य कूलंट जवळ नाही, तर?

पाना_बारा · पुढचा रविवार, सकाळी १०:२५

डिस्टिल्ड पाणी, नाही मिळालं तर पिण्याचं स्वच्छ पाणी. थोड्या पाण्याने प्रमाण जरा पातळ होतं, ते नंतर सुधारता येतं. अनोळखी कूलंट ओतलं तर ते सुधारायला हा सगळा आठवडा लागतो. पण पातळी का कमी झाली ते शोधा. बंद सिस्टीममधून कूलंट आपोआप संपत नाही. वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकाशी वाळलेला रंगीत ओघळ दिसतो का, तिथून सुरुवात करा. उत्तररात्र, तुम्हीही हे बघा, मूळची गळती कुठे होती ते अजून सापडलेलं नाही.

उत्तररात्र · चार आठवड्यांनी, रात्री ८:४५

१२०० किलोमीटर झाले. पातळी रेषेवर, केसभरही हललेली नाही.

मूळची गळती सापडली : रेडिएटरचं झाकण. रबर एका बाजूने चिरलं होतं, दाब धरत नव्हतं, त्यातून वाफ जायची. झाकणावर लिहिलेल्या दाबाचंच नवीन लावलं. पंप कोरडा आहे.

काल पुन्हा चिंधी काडीला गुंडाळून टाकीत फिरवली. कापड गुलाबी आलं, टोकाला मोहरीच्या दाण्याएवढे तीन-चार तपकिरी कण. सहा महिन्यांनी एकदा रेडिएटरपुरतं बदलून टाकणार. बॉनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय : कूलंटचा प्रकार, तारीख, किलोमीटर, ५०-५०, आणि खाली मोठ्या अक्षरात "दुसरं ओतू नये". आधीच्या मालकांनाही फोटो पाठवला. त्यांच्या नव्या गाडीत काय आहे ते त्यांनी लगेच पुस्तकात बघितलं.

धूळवाट · चार आठवड्यांनी, रात्री १०:३०

आज तिन्ही गाड्यांत चिंधी फिरवली. दोन स्वच्छ. तिसरीची, सगळ्यात जुनी, तपकिरी आली. कागदावर थेंब टाकून ठेवलेत, सकाळी बघतो. द्रावण, पाना_बारा, पुढे कसं करू?

पाना_बारा · चार आठवड्यांनी, रात्री १०:४१

सकाळी कागद बघा. तेल नसेल तर पुस्तकातून दोन गोष्टी इथे लिहा : एकूण किती लिटर आणि कुठला प्रकार. आणि पहिल्यांदा रिकामं कराल तेव्हा कॅन मापाचा घ्या, किती निघालं तो आकडा लागणार आहे.